निम्म्या भाड्याचं जहाज

सप्रेम नमस्कार,

मी आणि आमचे हे, दोघंही निवृत्त. गेली तेरा-चौदा वर्षं आम्ही एकाच कंपनीच्या क्रूझने फिरतोय. सुरुवातीला भाडं झेपायचं, मग ओढूनताणून झेपवायचो, आता झेपत नाही. भाडं तर वाढलंच, शिवाय आधी त्यातच मिळणाऱ्या एकेका गोष्टीचे वेगळे पैसे लागायला लागले. परवा मुलीने दुसऱ्या एका कंपनीचं पत्रक दाखवलं. समुद्र तोच, बंदरं जवळपास तीच, सात रात्री, बाल्कनीची केबिन, आणि भाडं आमच्या नेहमीच्या कंपनीच्या निम्म्याहून जेमतेम जास्त.

ह्यांचं म्हणणं, "कंपनीच्या जुन्या प्रवाशांच्या क्लबात वरून दुसऱ्या पायरीपर्यंत पोचलोय, अजून दोन-तीन ट्रिपा केल्या की सगळ्यात वर. आता सोडलं तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात." मला वाटतं, पैसे तर दरवर्षीच पाण्यात जाताहेत. पण धास्ती मलाही आहे. स्वस्तातलं जहाज स्वच्छ आणि सुरक्षित असतं का? गर्दीत जीव गुदमरेल का? दिसायला स्वस्त असलेलं शेवटी खरंच स्वस्त पडतं का? आणि पुढेमागे परत यावंसं वाटलं तर आमची जुनी पायरी शिल्लक राहील का?

– हिशेबी

ताई, दोन्ही कंपन्यांची नावं तुम्ही लिहिली होती, ती छापताना मी गाळली. तुम्ही ज्या घोळात पडला आहात त्यात कुठल्याही कंपनीचा जुना प्रवासी पडू शकतो, आणि याचं उत्तर नावांपेक्षा तुम्हा दोघांच्या सवयींवर जास्त ठरणार आहे. तुम्ही स्वतःला हिशेबी म्हणवता, तेव्हा हिशेबापासूनच सुरू करू.

मागच्या ट्रिपचं शेवटचं बिल शोधून काढा. जहाजावर जवळपास सगळं केबिनच्या कार्डावर चढतं आणि उतरायच्या वेळी पूर्ण खात्याचा उतारा मिळतो. पूर्वी तो कागद रात्री दाराखालून सरकवायचे, आता बहुतेक ठिकाणी अ‍ॅपवर नाहीतर ईमेलवर येतो. तो उतारा आणि बुकिंगची पावती शेजारी शेजारी ठेवा. पावतीत काय काय भाड्यातच धरलं होतं ते बघा: पेयं, वाय-फाय, टिप, एखाद्या खास रेस्टॉरंटमधलं जेवण. मग प्रत्येकापुढे खरं खरं लिहा, की हे आपण वापरलं का, आणि रोज वापरलं की एखाद्याच वेळी.

माझा अंदाज सांगते. दोन-तीन गोष्टी अशा निघतील ज्यांच्याशिवाय तुमचं चालत नाही. आणि बाकीच्या अशा, ज्यांचे पैसे भाड्यातून वर्षानुवर्षं जाताहेत आणि ज्यांना तुम्ही हातही लावत नाही. तुमची बचत आहे ती या बाकीच्यांत. पहिल्या दोन-तीन गोष्टी नव्या जहाजावर विकतच घ्याव्या लागणार, म्हणून त्यांची किंमत पत्रकातल्या भाड्यात आत्ताच मिळवा. स्वस्त कंपन्या भाडं कमी ठेवतात ते पुढची कमाई जहाजावर होणार या भरवशावर. तुम्ही जहाजावर फारसं काही विकत घेत नसाल, तर त्यांचा तो भरवसा तुमच्यापुरता खोटा ठरतो आणि फायदा तुमचा होतो. पण जुन्या जहाजावरच्या सगळ्या सवयी सोबत घेऊन चढलात, तर सातव्या दिवशी दोन्ही कंपन्यांचा आकडा आसपासच येईल आणि हे म्हणतील, "बघ, मी सांगत होतो."

आता या बेरजेत माणसं नेमकी कुठे चुकतात ते सांगते.

टिपेपासून सुरुवात करू. मोठ्या कंपन्यांत ती माणशी रोज या हिशेबाने आपोआप खात्यावर चढते, साध्या केबिनला साधारण १६ ते २० डॉलर, 'सूट' म्हणजे मोठ्या, ऐसपैस केबिनला त्याहून जास्त. दोन माणसं, सात रात्री, गुणाकार तुम्ही करालच. तुमच्या जुन्या कंपनीने टिप भाड्यातच धरलेली असेल आणि नवी ती वेगळी लावत असेल, तर पत्रकातला 'निम्म्याहून जेमतेम जास्त' आकडा तिथेच थोडा वर सरकतो. बंदराचे कर आणि शुल्क यांचंही तसंच, काही जाहिरातींतलं भाडं ते धरून असतं, काहींतलं सोडून. दोन्ही भाडी अगदी शेवटच्या, पैसे भरायच्या पानापर्यंत नेऊनच एकमेकांशेजारी ठेवा.

मग पेयांचं पॅकेज. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल यांच्यासारख्या कंपन्यांत नियम असा आहे, की एका केबिनमधल्या एका प्रौढ माणसाने मद्याचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. एकाला संध्याकाळी दोन ग्लास लागतात आणि दुसरी लिंबूपाण्यावर खूश असते, अशा जोडप्याला हा सौदा कधीच परवडत नाही. सुटं घ्यावं तर प्रत्येक ग्लासावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क चढतं. नॉर्वेजियन कंपनीच्या भाड्यासोबत पेयं 'फुकट' देणारी योजना गाजलेली आहे, पण त्या फुकट पॅकेजच्या छापील किमतीवरचं सेवाशुल्क मात्र प्रवाशानेच भरायचं असतं. यात लपवाछपवी काही नाही, सगळं लिहिलेलं असतं. वाचत कोणी नाही एवढंच.

एक दृश्य मी वेगवेगळ्या जहाजांवर पाहिलं आहे. माणसं नुकतीच चढलेली असतात, केबिन अजून तयार नसतात, हातातल्या पिशव्या घेऊन सगळे वरच्या डेकवर उन्हात रेंगाळत असतात. तेवढ्यात हसतमुख पोरं मोठाली ताटं घेऊन फिरायला लागतात. ताटात रंगीत पेयांचे उंच ग्लास, कडेला फळाची फोड, वर कागदी छत्री. स्वागताचं असेल असं समजून नवखा प्रवासी ग्लास उचलतो, एक घोट घेतो आणि मग तोच पोरगा अदबीने कार्ड मागतो. आठवडाभर असं काही ना काही समोर येत राहतं: फोटोग्राफर, स्पाची 'आज फक्त' सवलत, दागिन्यांची दुकानं, चित्रांचा लिलाव. महागड्या जहाजांवरही हे आहे, पण जरा दबक्या आवाजात. स्वस्त जहाजावर "नको, धन्यवाद" म्हणायची जीभ तयार ठेवावी लागते. तुम्हाला ते जमेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ह्यांचं माहीत नाही.

पाण्याच्या बाटल्या, चांगली कॉफी आणि वाय-फाय या तीन गोष्टी आधीच ठरवून टाका. लागणारच असतील तर घरूनच, जहाज सुटण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर घ्या. चढल्यावर त्याच गोष्टी बहुधा महाग मिळतात.

केबिनबद्दल मात्र मी जरा आग्रहाने बोलणार आहे, कारण सगळ्यात स्वस्त भाड्यातली मेख इथेच असते. एकाच जहाजावर, एकाच आकाराची बाल्कनीची केबिन दोन-तीन वेगवेगळ्या भाड्यांना विकली जाते. एमएससी या क्रूझ कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांचं सगळ्यात खालचं भाडं 'बेला' नावाने चालतं, वरचं 'फँटॅस्टिका'. बेलामध्ये केबिन कुठे द्यायची ते कंपनी ठरवते, फँटॅस्टिकामध्ये तुम्ही. इतर कंपन्यांत हाच प्रकार 'गॅरंटी' केबिन म्हणून विकतात: बाल्कनी मिळेल याची हमी, पण कुठली ते शेवटी कळणार. तरुणांनी खुशाल घ्यावी. तुम्ही घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. थिएटरच्या डोक्यावरची केबिन मिळाली तर रात्री तालमीचे ढोल ऐकत पडावं लागतं, आणि पूलच्या बरोबर खालची मिळाली तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज. जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला हेलकावे जास्त, मध्यभागी खालच्या डेकवर सगळ्यात कमी. केबिनचा नंबर स्वतः निवडायला थोडे जास्त मोजावे लागले तर मोजा. डेकचा नकाशा उघडा आणि वर-खाली दोन्हीकडे केबिनाच असतील अशी जागा बघा. लिफ्टपासून किती चालावं लागेल तेही बघून घ्या, मोठ्या जहाजाचे व्हरांडे संपता संपत नाहीत.

आता पायरी. ह्यांचं दुखणं मी हलक्यात घेत नाही. इतक्या वर्षांत जहाजावर नावाने ओळखणारी माणसं झालेली असतात, कार्डाचा रंग बदललेला असतो, रांग चुकलेली असते. पण भावना एका बाजूला ठेवून, त्या पायरीवर प्रत्यक्षात काय मिळतं ते त्यांनाच कागदावर लिहायला सांगा. उदाहरणार्थ रॉयल कॅरिबियनच्या क्लबात ८० गुणांना डायमंड ही पायरी मिळते. साध्या केबिनला रात्रीचा एक गुण, सूटला दोन. डायमंडला दिवसाला चार पेयं फुकट. जो रोज ती चार पेयं घेतो त्याच्यासाठी हे खणखणीत पैसे आहेत. जो घेत नाही त्याच्यासाठी ते शून्य. तुमच्या यादीतल्या प्रत्येक सवलतीपुढे असाच आकडा लिहा: चढताना वेगळी रांग, कपडे धुऊन मिळणं, थोडं वाय-फाय, एखादी सवलतीची कुपनं. मग बेरीज करा आणि दोन भाड्यांतल्या फरकाशी ताडून बघा. बहुतेक वेळा बेरीज फरकाच्या आसपासही जात नाही. आणि 'अजून दोन-तीन ट्रिपा'चा जो मुद्दा आहे, त्या दोन-तीन ट्रिपांचं जादा भाडं हीच त्या वरच्या पायरीची किंमत. तेवढे पैसे देऊन ती पायरी कोणी दुकानात विकायला ठेवली असती तर ह्यांनी घेतली असती का, एवढंच विचारा.

दुसरं असं, की पायऱ्या बांधणारी कंपनी असते आणि हलवणारीही तीच. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं, की जून २०२६ पासून त्यांची जुनी पद्धत बंद होऊन दर्जा खर्च केलेल्या पैशांवर ठरणार. किती रात्री जहाजावर काढल्या यावर वर्षानुवर्षं वर चढलेल्या लोकांनी त्यावर बराच आरडाओरडा केला. त्यांचं चूक नव्हतं, पण नियम कंपनीचे होते.

तरीही कार्ड वाया जाईलच असं नाही, आणि ही बातमी ह्यांना आवडेल. क्रूझच्या धंद्यात नावं पुष्कळ आणि मालक थोडे. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या छत्राखाली कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कुनार्ड, कोस्टा अशी बरीच मंडळी आहेत. रॉयल कॅरिबियन ग्रूपकडे रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी. नॉर्वेजियनच्या घरात ओशनिया आणि रीजंट. रॉयल कॅरिबियनच्या तिन्ही नावांमध्ये २०२४ पासून एकीकडचा दर्जा दुसरीकडे मानला जातो. म्हणजे सेलिब्रिटीवर वर चढलेला माणूस रॉयल कॅरिबियनवर गेला तर अगदी खालून सुरुवात करत नाही. तेव्हा तुमच्या कंपनीचं असं एखादं स्वस्त भावंड आहे का ते आधी बघा. आणि एमएससीचं वेगळंच. ते परक्या कंपनीतला दर्जा बघूनही स्वतःच्या क्लबात त्याच्या तोडीचा दर्जा देत आले आहेत. त्यासाठी जुन्या कंपनीतल्या सध्याच्या दर्जाचा पुरावा लागतो आणि अर्ज बुकिंगच्या आधी केलेला बरा. या योजनांचे बारकावे बदलत असतात, अर्ज करायच्या दिवशी नियम वाचून घ्या.

निष्ठेचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. टेड अ‍ॅरिसन आणि क्नुट क्लोस्टर या दोघांनी १९६६ मध्ये मिळून जी क्रूझ सेवा सुरू केली, तिचीच पुढे नॉर्वेजियन क्रूझ लाइन झाली. दोघांचं फाटलं. अ‍ॅरिसन बाहेर पडला आणि १९७२ मध्ये एक जुनं जहाज घेऊन त्याने कार्निव्हल काढली. त्या जहाजाचं नाव मार्डी ग्रा. पहिल्याच सफरीत ते मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतून बसलं. आज ती जगातली सगळ्यात मोठी क्रूझ कंपनी आहे. कंपन्यांचे मालकच एकमेकांना सोडून गेले, प्रवाशाने एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

स्वच्छता आणि सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते, कारण इथे भाड्याचा संबंध फार कमी. आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या प्रवासी जहाजांना 'सोलास' या कराराचे नियम लागतात. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये त्याचं पहिलं रूप आलं. होड्या किती, कवायत कधी, आगीची व्यवस्था काय, हे स्वस्त जहाजाला वेगळं आणि महाग जहाजाला वेगळं नसतं. स्वच्छतेसाठी, अमेरिकी बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांची तिथली आरोग्य यंत्रणा सीडीसी अचानक तपासणी करते. शंभरपैकी गुण देते, ८५ किंवा त्याहून कमी पडले तर नापास. हे गुण जहाजाच्या नावानिशी उघड प्रसिद्ध होतात आणि कुणालाही बघता येतात. बघाल तेव्हा लक्षात येईल, की नापासांच्या यादीत अधूनमधून भलती महाग जहाजंही असतात. तुमचं जहाज त्या बाजूला जात असेल तर त्याचे मागचे दोन-तीन निकाल बघून घ्या आणि विषय संपवा.

गर्दीचं मात्र तसं नाही. तिथे फरक खरा आहे आणि तो मोजताही येतो. जहाजाचं ग्रॉस टनेज घ्या (ते वजन नसतं, आतली एकूण जागा मोजायचं माप असतं) आणि केबिनमागे दोन माणसं धरून होणाऱ्या प्रवासीसंख्येने भागा. दोन्ही आकडे सहज मिळतात. येणारा भागाकार म्हणजे माणशी जागा. क्वीन मेरी २ वर तो ५५ च्या आसपास येतो, सेलिब्रिटी एजवर ४५ च्या जवळ, कार्निव्हलच्या नव्या मार्डी ग्रावर साधारण ३४. चाळिशीच्या वर जहाज मोकळं वाटतं, पस्तिशीच्या खाली आलं की बफेमध्ये ताट हातात घेऊन टेबल शोधत फिरावं लागतं. पण या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. आयकॉन ऑफ द सीज या अवाढव्य जहाजाचा भागाकारही ४४ येतो, म्हणजे एजच्या बरोबरीचा, आणि तरी ते शांत जहाज म्हणून कोणी घेत नाही. त्या जागेतला मोठा वाटा घसरगुंड्या, पूल आणि बर्फाच्या रिंगणाने खाल्लेला असतो. शिवाय हा भागाकार केबिनमागे दोनच माणसं धरतो. शाळांना सुट्टी लागली की त्याच केबिनमध्ये चौघं असतात. आयकॉनवर दोन-दोनच्या हिशेबाने ५,६१० प्रवासी होतात, जहाज भरलं की साडेसात हजारांच्या वर.

तुम्ही निवृत्त आहात, हा तुमचा हुकमाचा एक्का आहे. शाळा सुरू असतानाच्या तारखा घ्या. भाडं पडलेलं असतं, पोरांची झुंबड नसते, आणि तेच स्वस्त जहाज पार वेगळं वाटतं. मला विचाराल तर कंपनी कुठली यापेक्षा जहाज कुठलं आणि आठवडा कुठला, यानेच ट्रिप ठरते. एकाच कंपनीच्या नव्या आणि वीस वर्षं जुन्या जहाजात दोन कंपन्यांत नसेल एवढा फरक असतो.

आता जे हिशेबात मांडता येत नाही त्याबद्दल. भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या एमएससी, कोस्टा यांच्या जहाजांवर प्रवासी एकाच बंदरात चढत-उतरत नाहीत. कोणी बार्सिलोनाला चढतं, कोणी मार्सेला, कोणी जेनोआला. म्हणजे जवळपास रोज कुणाचा पहिला दिवस असतो आणि कुणाचा शेवटचा. रोज बॅगा, रोज नवी तोंडं, रोज कुणाची तरी सुरक्षेची कवायत. सूचना चार-पाच भाषांत एकामागून एक होतात. आपली भाषा येईपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात. संध्याकाळच्या कार्यक्रमात बोलणं कमी आणि नाच, गाणी, कसरती जास्त, कारण प्रेक्षक सगळ्या देशांचे. काहींना हा गलबला आवडतो, काहींना तिसऱ्या दिवशी डोकेदुखी होते. अमेरिकेतून सुटणाऱ्या कार्निव्हलचा गलबला निराळा: पूलच्या कडेला दिवसभर संगीत, माइकवर कोणीतरी सतत बोलतंय, खेळ, पैजा. जुन्या जहाजावर तुम्ही दिवस कसा घालवता ते पत्रात नाही. हे पुस्तक घेऊन कोपरा धरणारे असतील तर नव्या जहाजावर तो कोपरा कुठे आहे हे नकाशात आधी शोधून ठेवा. बहुतेक जहाजांवर एखादं वाचनालय, पुढच्या टोकाची काचेची बैठक किंवा फक्त मोठ्यांसाठीचा डेक असतो. तो फुकट आहे की वेगळे पैसे लागतात तेही बघा.

सेवेत फरक पडेल. वेटरकडे जास्त टेबलं असतील, रात्री केबिन पुन्हा आवरून देणं कदाचित नसेल, नाव लक्षात ठेवणारा माणूस भेटेलच असं नाही. पण बंदराला लागल्यावर समुद्र भाडं विचारत नाही. भूमध्य समुद्रात असाल तर दोन्ही जहाजं रोमसाठी त्याच चिवितावेक्किया बंदराला लागणार, तिथून रोम साधारण ८० किलोमीटर, आणि तेवढा रस्ता महागातल्या प्रवाशालाही कापावाच लागतो.

एक गोष्ट करू नका. 'आधी तीन-चार रात्रींची छोटी ट्रिप करून बघू' हा सल्ला तुम्हाला चार जण देतील. छोट्या ट्रिपांना बहुतेकदा कंपनीची जुनी जहाजं लावलेली असतात आणि शनिवार-रविवार उरकायला आलेला जल्लोषी जमाव असतो. त्यावरून सात रात्रींच्या सफरीची परीक्षा करणं म्हणजे वरातीवरून संसाराची परीक्षा करणं. हे पहिल्याच रात्री नाक मुरडतील आणि बोलणंच खुंटेल. पूर्ण सात रात्रींचीच घ्या, फक्त जहाज निवडून घ्या.

आणि ह्यांनी अगदीच हट्ट धरला, तर कंपनी न बदलताही भाडं उतरवता येतं. त्याच कंपनीचं जुनं, लहान जहाज बघा. बाल्कनीऐवजी आतली केबिन घ्या, पण बाल्कनीत तुम्ही खरंच किती बसता हे त्या मागच्या ट्रिपवरून आठवून. वसंतात आणि शरदात जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवली जातात. कॅरिबियनमधली भूमध्य समुद्रात, नाहीतर उलट. त्या सफरी रात्रीच्या हिशेबाने फार स्वस्त पडतात. दिवसचे दिवस फक्त पाणी दिसतं आणि परतीचं विमान दुसऱ्या खंडातून धरावं लागतं, त्याचं तिकीट मात्र हिशेबात धरायला विसरू नका. ज्यांना जहाजच आवडतं, बंदरं नव्हे, त्यांच्यासाठी ही चैन आहे.

कंपनी बदलायचं ठरलं तर आधी एक तपासा: मागच्या ट्रिपला जहाजावरच्या काउंटरवर पुढच्या बुकिंगसाठी काही डिपॉझिट भरून ठेवलंय का? पुष्कळ लोक भरतात आणि विसरतात. ते परत मिळणारं आहे की त्याच कंपनीत वापरावं लागतं, मुदत किती, हे पावतीवर असतं. नव्या बुकिंगलाही डिपॉझिट परत मिळणारं आहे ना हे बघून घ्या, थोडं जास्त पडलं तरी. पूर्ण पैसे भरायची तारीख सफरीच्या साधारण दोन-तीन महिने आधी असते. त्या तारखेपर्यंत भाडं उतरलं तर पुष्कळ कंपन्या विचारल्यावर नव्या भाड्याने बुकिंग करून देतात. विचारल्यावर, हं. स्वतःहून कोणी फोन करत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा भाडं बघायचं काम मुलीकडे द्या.

राहिला शेवटचा प्रश्न, परत यावंसं वाटलं तर. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत मिळवलेले गुण संपत नाहीत, पाच वर्षांनी गेलात तरी जिथे होतात तिथूनच पुढे. काहींत मुदत असते. एमएससीच्या क्लबात तीन वर्षांत एकही सफर झाली नाही तर दर्जा जातो. तुमच्या कंपनीचा नियम त्यांच्या क्लबच्या अटींत एका ओळीत सापडेल. तो काहीही निघाला तरी आजच ह्यांना त्यांच्या खात्यात शिरून दर्जा, गुण आणि सदस्य क्रमांक दिसणाऱ्या पानाचा फोटो काढून ठेवायला सांगा. नव्या कंपनीकडे पुरावा म्हणून तोच लागेल आणि जुन्या कंपनीने उद्या नियम बदलले तर भांडायलाही तोच. हे काम ते आनंदाने करतील. मागचं बिल शोधायचं तेवढं तुमच्याकडे ठेवा.